दिशा सापडली होती

१४ डिसेंबर १९६६. अजून चार महिने आहेत.

बैकोनुरच्या तळावर एक रॉकेट उभं आहे. त्याच्या टोकाला सोयूझ हे नवं यान, आत माणूस नाही. प्रज्वलनाच्या क्षणी काहीतरी बिनसलं आणि इंजिनं आपोआप बंद झाली. उड्डाण रद्द. माणसं हळूहळू रॉकेटपाशी परतली, मनोरे पुन्हा त्याला भिडवले गेले. सुमारे अर्ध्या तासाने टोकावरची सुटका-यंत्रणा अचानक पेटली. ती यानाची कुपी उचलून आकाशात घेऊन गेली आणि खाली आगीचा डोंब उसळला. त्या पळापळीत सगळे वाचले नाहीत.

कारण शोधल्यावर अभियंते सुन्न झाले. रॉकेटमधले जायरोस्कोप फिरतच राहिले होते. जायरोस्कोप हा भोवऱ्याचा भाऊ. एकदा वेगात फिरू लागला की अवकाशात धरलेली दिशा सोडत नाही. रॉकेट जमिनीला खिळलेलं होतं, पण जमीन पृथ्वीबरोबर फिरत होती आणि अर्ध्या तासात ती सातएक अंश फिरते. जायरोस्कोपच्या हिशेबात रॉकेट तेवढं कललं होतं. कललेलं रॉकेट म्हणजे पडणारं रॉकेट, म्हणून यंत्रणेने कुपी वाचवायला घेतली. पृथ्वीचं फिरणं तिने अपघात मानलं.

ही घटना आधी सांगितली, कारण पुढच्या सगळ्या रात्रीचा प्रश्न हाच आहे. यान कुठे आहे, हे जमिनीवरच्या रडारना कळतं. यानाचं तोंड कुठे आहे, हे यानाला स्वतःला कळावं लागतं. ते कळलं नाही तर परतीचं इंजिन पेटवणं म्हणजे डोळे बांधून उडी मारणं.

सोयूझची पार्श्वभूमी चांगली नव्हती. या यानाची कल्पना ज्याची, तो सर्गेई कोरोल्योव जानेवारी १९६६ मध्ये शस्त्रक्रियेदरम्यान गेला होता आणि धुरा वासिली मिशिनकडे आली होती. नोव्हेंबर १९६६ मध्ये कॉसमॉस-१३३ या नावाने पहिलं मानवरहित सोयूझ उडालं. त्याचं दिशा-नियंत्रण बिघडलं आणि शेवटी ते नष्ट करावं लागलं. दुसरं तळावरच जळालं. फेब्रुवारी १९६७ मधलं तिसरं, कॉसमॉस-१४०, परतताना उष्णतारोधक कवचाला भोक पडून अरल समुद्रात बुडालं. तीन प्रयत्न झाले आणि एकही निर्दोष नव्हता. चौथ्यात माणूस बसवायचं ठरलं. क्रांतीचं पन्नासावं वर्ष होतं आणि दोन वर्षांत एकही सोव्हिएत अंतराळवीर उडाला नव्हता.

२३ एप्रिल १९६७, पहाटे ३ वाजून ३५ मिनिटे, मॉस्कोची वेळ. उरले पावणेसत्तावीस तास.

सोयूझ-१ निघालं. आत चाळीस वर्षांचा व्लादिमिर कोमारोव एकटा होता. वैमानिक आणि अभियंता. १९६४ मध्ये वोस्खोद-१ चा तोच प्रमुख होता, त्यामुळे दुसऱ्यांदा अवकाशात जाणारा तो पहिला सोव्हिएत माणूस. त्याचा राखीव गडी होता युरी गागारीन. योजना मोठी होती. दुसऱ्या दिवशी सोयूझ-२ मधून बिकोव्स्की, ख्रुनोव आणि येलिसेयेव निघणार, दोन्ही यानं एकमेकांना जोडली जाणार, ख्रुनोव आणि येलिसेयेव बाहेरून चालत कोमारोवच्या यानात येणार आणि तिघे मिळून परतणार.

नऊ मिनिटांत यान कक्षेत पोचलं. पृथ्वीपासून सव्वादोनशे किलोमीटरच्या आत, दर साधारण साडेअठ्ठ्याऐंशी मिनिटांनी एक फेरी. इथपर्यंत सगळं ठीक.

मग सूर्यपंख उघडायचे होते. उजवा उघडला, डावा उघडला नाही.

पहाटेच्या पहिल्या दोन फेऱ्या.

एका पंखाने दोन दुखणी आणली. पहिलं विजेचं. एका पंखाची वीज पुरणार नव्हती, म्हणजे साठवलेली बॅटरी संपायच्या आत परतणं भाग होतं. दुसरं दुखणं तोलाचं. साडेसहा टनांच्या यानाच्या एका बाजूला पसरलेला पंख, दुसऱ्या बाजूला मिटलेला. वस्तुमानाचा मध्य सरकला. एका खांद्यावर घागर घेऊन चालणाऱ्या माणसाला सरळ चालायला सतत जोर लावावा लागतो, तसं.

त्यातच ४५-के नावाचा सूर्य-तारा संवेदक निकामी ठरला. सूर्य आणि एक ठरावीक तारा हेरून यानाला दिशा देणं हे त्याचं काम. यान सूर्याकडे तोंड करून संथ फिरत ठेवायचं, म्हणजे पंखावर ऊन राहील, हा बेत त्यामुळे फसला. कोमारोवने रेडिओवरून शांतपणे सगळं कळवलं. प्रकृती ठीक, दालनातला दाब ठीक, डावा पंख उघडला नाही, सूर्याकडे वळणं जमलं नाही.

इथे जरा थांबून सांगायला हवं की या यानात संगणक नव्हता. अमेरिकेच्या जेमिनी यानात मार्च १९६५ पासून एक छोटा अंकीय संगणक उडत होता. सव्वीस-सत्तावीस किलो वजन, ४,०९६ शब्दांची स्मृती, प्रत्येक शब्द ३९ बिटांचा. आजच्या मोजमापात जेमतेम वीस किलोबाइट. पण त्याला गणित येत होतं. अपोलोचा संगणक एमआयटीत तयार होत होता, पण त्याच्यासोबत माणूस अजून उडायचा होता. त्याआधीच, जानेवारीत, अपोलोच्या तीन अंतराळवीरांना तळावरच्या आगीने गिळलं होतं. सोयूझमध्ये त्या जागी होते जायरोस्कोप, संवेदक, रिले आणि ठरलेल्या क्षणी ठरलेली आज्ञा सोडणारं एक घड्याळी यंत्र. प्रत्येक संवेदकाची आपली साखळी. एक साखळी तुटली तर दुसरीकडून मिळालेली माहिती जुळवून नवं उत्तर काढेल असं तिथे काहीच नव्हतं. तसं करू शकणारी एकच गोष्ट यानात होती, ती म्हणजे कोमारोवचा मेंदू.

सोव्हिएत यानांत अंकीय संगणक पुढे आला. माणसांच्या सोयूझमध्ये तो आर्गोन या नावाने सोयूझ-टी मालिकेत रुजला. १९८४ च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा सोयूझ टी-११ मधून गेले, तेव्हा त्यांच्या यानात तो होता. कोमारोवच्या वाट्याला तो आला नाही.

सकाळी दहाच्या सुमारास. पाचवी फेरी. उरले वीस तास.

यानाला दिशा द्यायचे तीन मार्ग होते. पहिला सूर्य-तारा संवेदकाचा, तो गेला. दुसरा आयन-संवेदकाचा. त्याची कल्पना फार देखणी आहे. यान सेकंदाला पावणेआठ किलोमीटर वेगाने धावतं, त्या उंचीवरही विरळ आयन असतात आणि ते समोरून येऊन संवेदकाच्या नळ्यांत शिरतात. मोटारसायकलवर तोंडावर वारा लागतो, तो कुठून लागतो त्यावरून आपण कुठे चाललोय ते कळतं, तसं हे. पण पहाटेच्या पट्ट्यात, सूर्य उगवायच्या आधी, आयनांची घनता घसरते. तिथे वारा पडतो. अभियंते त्याला आयनांचा खड्डा म्हणत.

तिसरा मार्ग माणसाचा. ‘व्झोर’ हे पायाशी लावलेलं दृक्-यंत्र. त्याच्या कडेच्या आरशांत चहूबाजूंनी क्षितिज सारखं दिसलं की यान पृथ्वीला नीट काटकोनात आहे. मधल्या काचेवर जमीन सरकताना दिसते. ती आखलेल्या रेषेवरून सरळ धावू लागली की यानाचं तोंड धावेच्या दिशेला आहे. १९६५ मध्ये वोस्खोद-२ ची स्वयंचलित यंत्रणा बिघडली होती, तेव्हा पावेल बेल्यायेवने याच यंत्रातून बघत हाताने यान वळवलं होतं आणि लिओनोवसह उरलच्या बर्फाळ जंगलात उतरला होता.

पाचव्या फेरीत कोमारोवने आयनांनीही बघितलं, डोळ्यांनीही बघितलं. जमलं नाही. यान त्याने वळवावं, लंगड्या तोलाने ते हळूच सरकावं. काचेतली जमीन कुठल्या बाजूने धावतेय ते पटकन कळेना. प्रत्येक प्रयत्नात दिशा-नियंत्रणाचं इंधन खर्च होत होतं आणि परतीसाठी ते राखून ठेवणं भाग होतं. आपल्याकडे रानात दिशा हरवली की चकवा लागला म्हणतात. पाय चालत असतात, डोळे उघडे असतात, आणि माणूस त्याच झाडापाशी पुन्हा येतो. कोमारोव त्याच अवस्थेत होता.

दुपार ते रात्र. सातवी ते तेरावी फेरी.

पृथ्वी खाली फिरत राहते, त्यामुळे रोजच्या काही फेऱ्या सोव्हिएत भूमीवरून जातच नाहीत. या सहा-सात फेऱ्यांत थेट आवाज पोचत नव्हता. कोमारोवला सांगण्यात आलं, विश्रांती घे.

त्याला झोप लागली असेल का, याचा विचार मी अनेकदा करतो. आवाज नाही, एक पंख मिटलेला, बॅटरीचा काटा उतरत चाललेला. अंगावर अंतराळपोशाख नाही, कारण त्या यानाच्या मांडणीत उतरताना पोशाख घालायची सोयच धरली नव्हती. घरी बायको वालेंतिना, मुलगा येवगेनी, मुलगी इरिना.

जमिनीवर मात्र कोणी झोपलं नाही. क्रिमियातल्या येवपातोरिया केंद्रात अभियंता बोरिस चेर्तोक आणि दिशा-नियंत्रणाचे तज्ज्ञ कागद पसरून बसले होते. बैकोनुरमध्ये मिशिन आणि राज्य आयोग होता. अंतराळवीरांच्या प्रशिक्षणाचा प्रमुख निकोलाई कमानिन तिथेच होता. तो रोज दैनंदिनी लिहायचा. पुढे प्रसिद्ध झालेल्या त्या वह्या आणि चेर्तोकच्या आठवणी, यांच्यामुळे ही रात्र आपल्याला तासागणिक कळते.

रात्री नऊनंतर. तेरावी फेरी. उरले नऊ तास.

आवाज परत आला. पंख अजून मिटलेलाच होता, यान सूर्याकडे वळलं नव्हतं. आयोगाने ठरवलं की सोयूझ-२ उडणार नाही आणि कोमारोवला सतराव्या फेरीत उतरवायचं.

बिकोव्स्की, ख्रुनोव आणि येलिसेयेव दुसऱ्या दिवशीच्या उड्डाणाला तयार होते. त्यांना थांबायला सांगितलं. बिघडलेल्या जोडीदाराकडे दुसरं यान पाठवण्यात अर्थ नव्हता, एवढंच कारण होतं. या एका निर्णयात आणखी काय दडलं होतं, ते त्या रात्री कोणालाच माहीत नव्हतं.

२४ एप्रिल, पहाटे तीनच्या आसपास. उरले साडेतीन तास.

सतरावी फेरी. आयन-संवेदकावर यान स्थिर करायचं, इंजिन उलट पेटवायचं. आज्ञा गेली. यान वळू लागलं आणि आयनांच्या खड्ड्यात सापडलं. संवेदकाला वारा लागेना. दिशा पक्की नाही म्हटल्यावर यंत्रणेने इंजिन पेटवायला मनाई केली.

ही मनाई बरोबर होती. चुकीच्या दिशेने इंजिन पेटलं असतं तर यान उतरायच्या ऐवजी वेगळ्याच कक्षेत गेलं असतं. पण बॅटरी आता फार फेऱ्या देणार नव्हती.

पहाटे तीन ते पाच. अठरावी फेरी.

इथे जे घडलं त्याला मी या सगळ्या गोष्टीचा गाभा मानतो.

परतीचं इंजिन पेटवायची जागा अशी होती की त्याआधीचा बराच वेळ यान पृथ्वीच्या सावलीत असणार. अंधारात व्झोरमधून जमीन दिसत नाही. म्हणून तज्ज्ञांनी नवीच पद्धत रचली. उजेडाच्या बाजूला असताना कोमारोवने डोळ्यांनी बघून हाताने यान वळवायचं. सावलीत शिरायच्या आधी ती दिशा जायरोस्कोपच्या हवाली करायची, म्हणजे अंधारभर भोवरे ती धरून ठेवतील. सावलीतून बाहेर पडल्यावर पुन्हा बघायचं, यान सरकलं असेल तर हाताने दुरुस्त करायचं आणि मग इंजिन पेटवायचं.

याचा सराव कोणत्याच अंतराळवीराने केला नव्हता. सूचना रेडिओवरून, थोड्या मिनिटांच्या संपर्कात वाचून दाखवायच्या होत्या. गागारीनच्या आवाजातही त्या गेल्या. कोमारोवने त्या ऐकल्या, समजून घेतल्या. रुबीन हे त्याचं रेडिओवरचं नाव होतं, म्हणजे माणिक.

संगणकाने जे करायचं असतं ते इथे तिघांनी वाटून घेतलं. जमिनीवरच्या माणसांनी गणित केलं, भोवऱ्यांनी स्मृती सांभाळली, आणि निर्णय व हात कोमारोवचे.

पहाटे ५ वाजून ५७ मिनिटे. एकोणिसावी फेरी. उरली सव्वीस मिनिटं.

इंजिन पेटलं. यान योग्य दिशेला होतं.

येवपातोरियात कोमारोवचा आवाज आला. इंजिन १४६ सेकंद चाललं, ५ वाजून ५९ मिनिटांनी बंद झालं. पूर्ण काळाला चारेक सेकंद कमी, कारण लंगड्या तोलामुळे शेवटी यान वळू लागलं आणि यंत्रणेने धोक्याची खूण दिली. पण परतीला हवा होता तेवढा धक्का बसला होता. सव्वासहाच्या आसपास यानाचे भाग विलग झाले. नियंत्रित उतरणं शक्य नव्हतं, त्यामुळे कुपी फेकलेल्या दगडासारखी सरळ कमान घेत खाली येणार होती. अंगावर भार जास्त पडतो, पण त्यात माणूस सुखरूप उतरतो.

या क्षणाबद्दल पुढे फार गोष्टी पसरल्या. कोमारोव संतापून ओरडत होता, शिव्या देत होता, रडत होता, असं आजही सांगितलं जातं. ज्यांनी तो आवाज खरोखर ऐकला त्यांच्यापैकी चेर्तोकने लिहून ठेवलंय की तो शांत होता, घाई नसलेला. मला चेर्तोकवर विश्वास ठेवावासा वाटतो. सव्वीस तास चकव्यात काढलेल्या माणसाला वाट सापडली होती आणि ती त्याने स्वतः शोधली होती. त्या आवाजात समाधान असणार.

येवपातोरियात लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. कमानिन बैकोनुरहून विमानाने ओर्स्ककडे निघाला होता. त्याला कोमारोवला भेटायचं होतं.

सकाळी ६ वाजून २० मिनिटांच्या आसपास.

साडेनऊ किलोमीटर उंचीवर झाकण उडालं. छोटं खेचक पॅराशूट बाहेर आलं. त्याने मुख्य पॅराशूट डब्यातून ओढून काढायचं.

ते निघालं नाही.

वेग कमी होत नाही हे यंत्रणेने ओळखलं आणि राखीव पॅराशूट सोडलं. पण मुख्य पॅराशूट अडकून बसल्यामुळे खेचक पॅराशूट अजून लोंबकळतच होतं. राखीव त्याच्या मागच्या विस्कटलेल्या हवेत सापडलं आणि नीट भरलंच नाही.

ओर्स्कच्या पूर्वेला ६५ किलोमीटरवर, काराबुताक गावाजवळच्या मोकळ्या माळावर, साधारण ६ वाजून २३ मिनिटांनी कुपी ताशी सुमारे १४० किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळली. अलगद टेकवण्यासाठी असलेली छोटी रॉकेटं आदळल्यावर पेटली. आतलं हायड्रोजन पेरॉक्साइड पेटत्याला हवा देत राहिलं. आजूबाजूचे लोक धावले, माती टाकत राहिले.

शोधपथकाकडे रंगीत प्रकाशगोळ्यांची खुणेची भाषा होती. अंतराळवीर मरण पावला, असं सांगणारा रंग त्यात नव्हता. त्यांनी जो सोडला त्याचा अर्थ होता, वैद्यकीय मदत तातडीने हवी. ओर्स्कला उतरलेल्या कमानिनला पहिल्यांदा तसाच निरोप मिळाला आणि बराच वेळ त्याला कोमारोव जखमी असल्याचं वाटत राहिलं.

त्यानंतर.

२६ एप्रिलला कोमारोवच्या अस्थी क्रेमलिनच्या भिंतीत ठेवल्या गेल्या.

आयोगाने डबा तपासला. कुपीच्या आतल्या हवेच्या दाबाने डबा किंचित आवळला गेला, आत पॅराशूट घट्ट दाबून भरलेलं, आणि खेचक पॅराशूटचा जोर ते ओढायला अपुरा पडला, असा निष्कर्ष निघाला. चेर्तोकने पुढे आणखी एक कारण मांडलं. कुपीवर उष्णतारोधक लेप चढवल्यावर ती मोठ्या भट्टीत भाजली जाते. डब्यांची झाकणं वेळेवर तयार नव्हती, म्हणून कुपी उघड्या डब्यांनिशी भट्टीत गेली असावी आणि लेपाची वाफ डब्याच्या आतल्या भिंतींवर बसून त्या खरबरीत, चिकट झाल्या असाव्यात. चाचणीसाठी विमानातून टाकलेल्या नमुना-कुप्यांवर हा लेप चढवतच नसत, त्यामुळे त्या भट्टीत गेल्याच नव्हत्या. त्यांची पॅराशूट उघडत होती.

रात्रभर सगळ्यांचं लक्ष संवेदकांवर, बॅटरीवर, आयनांवर होतं. ते तिथेच असायला हवं होतं. डबा गप्प होता, त्याच्यापासून कुठलीही तार कोणत्याही दिव्याकडे जात नव्हती. यानात जेमिनीसारखा संगणक असता तर कोमारोवची रात्र सोपी झाली असती. सकाळ तीच झाली असती.

सोयूझ-२ ची कुपीही त्याच कारखान्यात, त्याच पद्धतीने तयार झालेली होती. ती उडाली असती आणि जोडणी यशस्वी झाली असती, तर ख्रुनोव आणि येलिसेयेव कोमारोवसोबत त्याच डब्याच्या भरवशावर उतरले असते आणि बिकोव्स्की त्याच्या जुळ्या डब्याच्या भरवशावर. मिटलेल्या पंखाने त्या तिघांना घरी ठेवलं.

डबा बदलला. तो अधिक रुंद झाला, बाहेरच्या बाजूला पसरत गेला, आतून घासून गुळगुळीत केला गेला. अठरा महिने एकही सोयूझ माणूस घेऊन उडालं नाही. जानेवारी १९६९ मध्ये सोयूझ-४ आणि सोयूझ-५ कक्षेत जोडली गेली. कोमारोवच्या यानाकडे ज्या दोघांना चालत जायचं होतं, ते ख्रुनोव आणि येलिसेयेव एका यानाचं दार उघडून बाहेर पडले, कठड्याला धरत दुसऱ्या यानाच्या दारापाशी गेले आणि आत शिरले. आत सोयूझ-४ चा शातालोव त्यांची वाट बघत होता.